सरकेल तो

पाठीमागून काय येतंय ते मला आता वळून न बघता कळतं. टोमॅटोच्या हंगामात गिरणारे रोडला रिकाम्या कॅरेटचा पिकअप फर्लांगभरावरून खडखडत येतो. भरलेला मात्र गप्प असतो, फक्त टायरांचा आवाज जड होतो, डांबराला चिकटल्यासारखा. शहर बस आधी सुस्कारा सोडते आणि मग हॉर्न देते. ट्रॅक्टरची भीती नाही, तो येईपर्यंत गाण्याचं एक कडवं पूर्ण ऐकून होतं, कारण गाणं त्याच्याच स्पीकरवर चालू असतं. खरी भीती नव्या कोऱ्या मोटारींची. त्यांचा आवाज येतच नाही. एकदम उजव्या दंडाला वारा लागतो आणि तेव्हा कळतं, की गेली. म्हणजे मी वाचलो.

म्हणून मी सायकलला आरसा बसवला. उजव्या हँडलच्या टोकाला, पुरीएवढा गोल. ग्रुपमधल्या मित्रांनी भरपूर चेष्टा केली. आता मागे 'हॉर्न ओके प्लीज' पण लिहून घे म्हणाले. त्यांच्या सायकली माझ्यापेक्षा पाचपट महाग आहेत आणि त्यांवर आरसा शोभत नाही, हे मला मान्य आहे.

सत्तेचाळिसाव्या वर्षी साखर निघाली आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलं. चालणं मला कंटाळवाणं वाटतं, म्हणून सायकल काढली. घर नाशिकच्या गंगापूर रोडला, त्यामुळे वाट ठरलेली: सोमेश्वर, गंगापूर गाव, पुढे धरणाचं पाणी डाव्या अंगाला दिसत राहतं आणि मग गिरणारे. चहा घ्यायचा आणि परत. दीड-दोन तासांचं काम. सकाळी सहाला या रस्त्यावर आमच्यासारखे हेल्मेटवाले, भडक पिवळ्या जॅकेटवाले हौशी लोक असतात. आणि दुसरे असतात ते पेठ, सुरगाण्याकडून गिरणाऱ्याच्या मजूर बाजारात आलेले. डोक्यावर बोचकं, हातात पाण्याची बाटली, कडेने एकामागे एक चाललेले. काही जणांकडे जुनी काळी सायकल असते, तिला ना दिवा ना मडगार्डवरचा लाल काचेचा तुकडा. मला हौस म्हणून मिळालेली सगळी साधनं त्यांना गरज म्हणून हवी आहेत, हे मला बरेच महिने सुचलंच नव्हतं. रस्त्यावर कोण मेलं त्याची बातमी होते आणि कोणाची होत नाही, याचाही यात संबंध आहे, पण ते जाऊ द्या.

मी पडलो तो भाद्रपदातला दिवस. रात्री पाऊस होऊन गेलेला. त्या पट्ट्यात रस्ता अरुंद आहे आणि साइडपट्टी खचलेली. डांबराची कड आणि खालची माती यांच्यात वीतभराचा फरक, त्यात पाणी साचलेलं. मोटारीत बसणाऱ्याला साइडपट्टी म्हणजे काय ते माहीत नसतं, फार तर खाली उतरल्यावर एक दणका बसतो. सायकलवाल्याला ती कड म्हणजे भिंत आहे, उलटी. एकदा पुढचं चाक खाली गेलं की ते तिरकं घालून वर येत नाही, चाक कडेला घासतं आणि आपण आडवे. म्हणून मी कडेपासून हातभर आत चालवत होतो. समोरून ट्रॅक्टर येत होता. आरशात पिकअप दिसला, मजूर उभे होते त्यात, मागे रिकामी कॅरेट. त्याने हॉर्न दिला. लांब, मग दोन आखूड. त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो: सरका.

मी सरकू शकत नव्हतो. पण ते त्याला कसं कळणार?

त्याने ट्रॅक्टर आणि मी यांच्यामधून गाडी घातली. आरसा माझ्या कोपराला लागला. त्याचा, माझा नव्हे. पुढचं मला नीट आठवत नाही, फक्त गवत अगदी जवळून दिसलं ते आठवतं आणि गवतावरचा छोटा पिवळा किडा. हेल्मेट डाव्या बाजूला खरवडलं होतं. गुडघा फुटला होता.

पोरगा थांबला. हे सांगायलाच हवं, कारण थांबत नाहीत. पन्नास पावलांवर गाडी उभी केली आणि पायात स्लिपर तशीच पळत आला. त्याने आधी सायकल उचलली. मला नाही, सायकल. पुढचं चाक वर धरून गरकन फिरवलं, डोळा बारीक करून बघितलं आणि म्हणाला, "आउट नाही झालं, काका." मग त्याचं लक्ष गुडघ्याकडे गेलं आणि चेहरा उतरला. तोवर मजूर बायका खाली उतरल्या होत्या. एकीने बाटलीतलं पाणी गुडघ्यावर ओतलं, दुसरीने स्वतःच्या डोक्याचा रुमाल सोडून बांधला. तो रुमाल मी धुऊन ठेवलाय, द्यायचा कोणाला ते माहीत नाही.

"लायसन आहे का रे?" मी विचारलं.

"काढायला टाकलंय."

"वय काय?"

तो काही बोलला नाही. मिशी नुकतीच फुटत होती.

"दिसत नव्हतो का मी?"

"दिसत होते ना काका. म्हणून तर हॉर्न दिला." आणि मग अगदी मनापासून, समजावून सांगितल्यासारखं: "मला वाटलं तुम्ही सरकाल."

मी तक्रार केली नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने १९९अ हे कलम आलंय. अल्पवयीन मुलाच्या हातात गाडी दिली तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड. मला ते तेव्हाही माहीत होतं. मी मनाशी म्हटलं, मजुरांचा दिवस बुडेल, पोराचं आयुष्य नासेल. खरं कारण असं, की मला घरी जायचं होतं, दुखत होतं आणि चौकीवर तीन तास बसायची इच्छा नव्हती. दया आणि आळस यांत फार अंतर नसतं. त्या पोराने पुढे कोणाला धडक दिली असेल का, हा विचार मला अधूनमधून येतो आणि मी तो ढकलून देतो.

पण त्याचं ते वाक्य काही जाईना. तुम्ही सरकाल.

आपल्या रस्त्यांवर नियम नाहीत असं म्हणायची पद्धत आहे. मला आता ते पटत नाही. नियम आहे, एकच आहे, तो आरटीओत शिकवत नाहीत आणि सगळ्यांना पाठ आहे: लहानाने मोठ्यासाठी सरकायचं. हायवासमोर आयशर सरकतो, आयशरसमोर पिकअप, पिकअपसमोर मोटार, मोटारीसमोर रिक्षा, रिक्षासमोर स्कूटी, स्कूटीसमोर सायकल आणि सायकलसमोर चालणारा. चालणाऱ्यासमोर कुत्रंसुद्धा सरकत नाही. मुंबई नाक्यावर पाच मिनिटं उभं राहून बघा, कोण कोणासाठी ब्रेक दाबतो ते. ब्रेक वरून खाली दाबला जात नाही, खालून वर दाबला जातो. आणि हे सगळं चालतं, हीच गंमत. हजारातल्या नऊशे नव्व्याण्णव वेळा लहान सरकतो. मागचा निघून जातो, त्याला आपण काही जोखीम घेतली असं वाटतही नाही, कारण जोखीम त्याने घेतलेलीच नसते, ती सरकणाऱ्याने घेतलेली असते.

हजाराव्या वेळी त्याला ऐकू येत नसतं. किंवा तो सात वर्षांचा असतो आणि चेंडूमागे असतो. किंवा साइडपट्टी खचलेली असते. मग पंचनाम्यात आणि पेपरात एकच वाक्य येतं, "अचानक आडवा आला". अचानक कसला? तो तिथेच होता. देशात २०२२ साली रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली, त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. दिवसाला सरासरी नव्वद. रोज नव्वद माणसं अचानक आडवी येतात?

गंगापूर रोडला एक गोष्ट मात्र सरकत नाही, ती म्हणजे झाडं. रस्ता रुंद झाला आणि कडेची जुनी झाडं रस्त्यात आली. त्यांना पट्टे मारले, रिफ्लेक्टर ठोकले. रात्री कोणी ना कोणी जाऊन आदळतं आणि लगेच मागणी सुरू होते, झाडं तोडा. ती अडचणीची आहेत हे मी नाकारत नाही, रात्री पावसात मलाही ती उशिरा दिसतात. पण एकदा एका गृहस्थांनी, शपथेवर सांगतो, मला म्हटलं होतं, "वळलो आणि झाड एकदम मध्ये आलं." शंभर वर्षं एका जागी उभं असलेलं झाड!

माझे वडील सातपूरला कंपनीत होते. त्र्यंबक रोडने सायकलवर जायचे, डबा कॅरिअरला, पँटच्या पायाला क्लिप. मी लहानपणी पाळी सुटताना बघायला जायचो. भोंगा झाला की फाटकातून सायकली बाहेर पडायच्या त्या नुसत्या पडतच राहायच्या. रस्ता काळा व्हायचा. ट्रकवाले इंजिन बंद करून बिडी ओढत बसायचे, कारण इलाज नसायचा. वडिलांना रस्त्याची भीती वाटल्याचं मला आठवत नाही. ते शूर होते असं नाही, ते शेकड्याने होते. पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकेश्वरी दिंड्या जातात तेव्हा अजून हे दिसतं. टाळ वाजत असतात, पताका असते, आणि मागे मोटारींची रांग मुकाट्याने पहिल्या गिअरमध्ये. काच खाली करून नमस्कारसुद्धा करतात. त्यातलाच एक वारकरी परतीला एकटा रस्ता ओलांडायला लागला की त्याच मोटारीचा हॉर्न वाजतो.

गतीचं गणित शाळेत शिकलो होतो, उपयोग आता झाला. ताशी पन्नास म्हणजे सेकंदाला जवळजवळ चौदा मीटर. मोबाइलवर कोणाचा फोन आलाय एवढं बघायला दोन सेकंद लागतात, तेवढ्यात गाडी अठ्ठावीस मीटर गेली. म्हणजे साधारण विजेच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत डोळे मिटून. आणि वेग दुप्पट झाला की धक्का दुप्पट नाही, चौपट बसतो. तिशीने आदळलेल्या गाडीखालून माणूस बहुधा उठतो, साठीने आदळलेल्या गाडीखालून बहुधा नाही. स्पेनमध्ये सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर ठेवायचा कायदा आहे. दीड मीटर म्हणजे आपले तीन हात आणि वर थोडं. गिरणाऱ्याच्या रस्त्यावर कोणाला तीन हात सोडायचे झाले तर त्याला समोरचा ट्रॅक्टर जाईपर्यंत माझ्यामागे थांबावं लागेल. किती वेळ? त्या दिवशीचा हिशोब मी पुष्कळदा केलाय. दहा सेकंद. जागेची भांडणं आपण उगाच करतो, मागणी दहा सेकंदांची आहे.

शहरात परत येऊ. द्वारका चौकात पायी चालणाऱ्यांसाठी भुयारी मार्ग बांधला, लोक वरूनच जातात. लोकांना शिस्त नाही, असं यावर म्हटलं जातं. बहात्तर वर्षांच्या माझ्या आईला मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "गाड्यांना सरळ जायचंय म्हणून मी उतरू आणि चढू? त्यांना पाय नाहीत, चाकं आहेत, त्यांनी उतरावं." मला यावर उत्तर सुचलं नाही. अशोकस्तंभ ते त्र्यंबक नाका हा १.१ किलोमीटरचा स्मार्ट रोड झाला, त्याला सायकल ट्रॅकही दिला. चांगली गोष्ट होती. आता ट्रॅकवर काय असतं? मी गेलो त्या दिवशी तीन दुचाक्या, एक चहाची गाडी आणि तिच्याभोवती उभी माणसं होती. त्यांच्यासाठी सायकलवरून उतरलो, चहा घेतला. काय करणार, चहा चांगला होता.

याच शहरातल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली अमेरिका आडवी पार करणारी 'रेस अक्रॉस अमेरिका' ही जवळजवळ ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघात पुरी केली. पंढरपूरला नाशिकहून सायकल वारी जाते. सायकलींचं शहर म्हणून आम्ही मिरवतो, मीसुद्धा. आणि आमच्या सोसायटीतला एकही मुलगा शाळेत सायकलने जात नाही, शाळा दोन किलोमीटरवर आहे. "रस्त्यावर कसं पाठवणार हो?" सगळ्या आया एकच म्हणतात, आणि सकाळी पावणेसातला मुलांना सोडायला तेवढ्याच मोटारी त्या रस्त्यावर उतरवतात.

हेल्मेटचं म्हणाल तर १५ ऑगस्ट २०२१ला नाशिकच्या पोलीस आयुक्तांनी 'नो हेल्मेट, नो पेट्रोल' सुरू केलं होतं. पंपाबाहेर मी स्वतः पाहिलंय, एकच हेल्मेट चार डोक्यांवरून फिरत होतं. कायद्याशी आपलं नातं हे असं उसनवारीचं.

तरी कायद्याची एक गोष्ट मला गप्प करते. जानेवारी २०२४च्या पहिल्या दोन दिवसांत टँकर ड्रायव्हरांनी संप केला, मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून इंधन निघेना, पंपांवर रांगा लागल्या. नव्या न्याय संहितेत अपघातात कोणाचा जीव घेऊन न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंतची कैद होती, त्याविरुद्ध तो संप होता. माझा गुडघा तेव्हा नुकता बरा झालेला, त्यामुळे मी तावातावाने म्हटलं, दहा कशाला, वीस द्या. आमच्या इमारतीत कामाला येणाऱ्या मावशींचा नवरा कंटेनरवर आहे. तो म्हणाला, "साहेब, थांबलो तर दहा वर्षं मिळायच्या आधी पब्लिक मारून टाकंल." मी म्हटलं, मग पुढच्या चौकीवर जाऊन सांग. तो हसला. पुढे १ जुलै २०२४ला संहिता लागू झाली, ती उपधारा तेवढी बाजूला ठेवून. कोण बरोबर हे मला अजून ठरवता येत नाही. तो पोरगा माझ्यासाठी थांबला, ते रस्ता रिकामा होता म्हणून. गर्दीच्या चौकात असता तर थांबला असता का? आणि त्याच्या जागी मी असतो तर?

या शेवटच्या प्रश्नाचं थोडंसं उत्तर मला माहीत आहे.

माझ्याकडे मोटार आहे. रविवारी सायकल, बाकीचे सहा दिवस तीच. यंदा संक्रांतीच्या आधी बायकोला घेऊन पंचवटीतून येत होतो, निमाणीच्या अलीकडे. उशीर झाला होता, कसला ते आता आठवत नाही. समोर एक म्हातारी रस्ता ओलांडत होती. नऊवारी, डोक्यावर फडक्यात बांधलेल्या भाजीच्या जुड्या, एक हात वर गाठोड्याला आणि दुसरा माझ्याकडे पसरलेला, थांब म्हणून. मी तिला लांबून बघितलं होतं. नीट बघितलं होतं. हॉर्न दिला, एक लांब, दोन आखूड, आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढला नाही.

ती सरकली नाही. शेवटच्या क्षणी मी ब्रेकवर उभा राहिलो. गाडी थांबली तेव्हा तिचा पसरलेला तळवा बॉनेटवर टेकला होता, दारावर टेकतात तसा. गाठोडं सुटून जुड्या रस्त्यावर पडल्या होत्या.

"दिसत नव्हती का ती?" बायको म्हणाली.

मी खाली उतरलो आणि जुड्या गोळा करायला लागलो. मेथी होती. म्हातारीही वाकून वेचत होती, एकेक करून फडक्यात रचत होती, मोजत होती. मला वाटलं आता शिव्या देईल. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"एक कमी हाय."

मी वाकून बघितलं. पुढच्या चाकाखाली होती.

"केवढ्याला, आजी?"

"धा."

मी पन्नासची नोट पुढे केली आणि राहू द्या म्हटलं. मागे रांग लागली होती, रिक्षावाले, बस, सगळ्यांचे हॉर्न एकदम सुरू झाले होते, कोणीतरी "ओ काका, गाडी घ्या बाजूला" म्हणून ओरडत होतं. तिने गाठोडं माझ्या हातात दिलं, धरा म्हणाली. कनवटीची पिशवी सोडली, त्यातून दहा-दहाच्या चार नोटा एकेक करून सुट्ट्या केल्या, थुंकी लावून पुन्हा मोजल्या आणि माझ्या हातावर ठेवल्या. मग गाठोडं घेतलं, डोक्यावर नीट बसवलं, आणि उरलेला अर्धा रस्ता ओलांडायला लागली.